एलायजा मॅकॉय

एलायजा मॅकॉय (जन्म: २ मे, इ.स. १८४४, मृत्यू: १० ऑक्टोबर, इ.स. १९२९) हे कॅनडात जन्मलेले आफ्रिकन-अमेरिकन यंत्र अभियंते आणि संशोधक होते. वाफेची इंजिने चालू असतानाच त्यांना आपोआप वंगण पुरवणाऱ्या उपकरणांसाठी ते प्रसिद्ध आहेत. त्यांच्या नावावर सुमारे ५७ अमेरिकन पेटंटे नोंदलेली असून त्यांतील बहुतेक वंगणाच्या प्रश्नाशी संबंधित आहेत. काही जुन्या लेखनात त्यांचे जन्मवर्ष इ.स. १८४३ असेही दिलेले आढळते.

मॅकॉय यांनी स्कॉटलंडमध्ये अभियांत्रिकीचे प्रशिक्षण घेतले होते. तरीही वर्णभेदामुळे अमेरिकेत त्यांना अभियंत्याचे काम मिळाले नाही. रेल्वेत इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणे आणि इंजिनाला तेल घालणे हे काम त्यांना पत्करावे लागले. ज्या कामाला त्या काळी कौशल्याचे काम मानले जात नव्हते, त्याच कामातील अडचण ओळखून त्यांनी आपले पहिले महत्त्वाचे उपकरण तयार केले.

जन्म आणि कुटुंब

मॅकॉय यांचे वडील जॉर्ज आणि आई मिल्ड्रेड हे दोघेही अमेरिकेतील केंटकी राज्यात गुलाम होते. तेथून निसटून ते इ.स. १८३७ मध्ये डेट्रॉइटमार्गे कॅनडात पोहोचले. या प्रवासात त्यांना 'भूमिगत रेल्वे' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेचे साहाय्य झाले. ही प्रत्यक्षातील रेल्वे नव्हती. पळून आलेल्या गुलामांना आसरा, अन्न आणि पुढच्या मुक्कामाची वाट दाखवणाऱ्या माणसांचे ते गुप्त जाळे होते. ब्रिटिश साम्राज्याच्या बहुतांश भागातील गुलामगिरी इ.स. १८३४ पासून कायद्याने संपुष्टात आली होती. त्यामुळे कॅनडाच्या भूमीवर आलेल्या या कुटुंबाला स्वतंत्र नागरिक म्हणून जगता आले. ते ऑन्टारियो प्रांतातील कोलचेस्टर येथे स्थायिक झाले. एलायजा यांचा जन्म तेथेच झाला आणि ते जन्मतःच स्वतंत्र होते. त्यांना अकरा भावंडे होती.

इ.स. १८६० च्या सुमारास हे कुटुंब कॅनडा सोडून अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील इप्सिलँटी या गावी राहायला आले. मिशिगनमध्ये गुलामगिरी नव्हती. तथापि इ.स. १८५० च्या फरारी गुलामांविषयीच्या कायद्यानुसार पळून आलेल्या गुलामाला मुक्त राज्यातूनही पकडून मूळ मालकाच्या स्वाधीन करता येत असे. जॉर्ज आणि मिल्ड्रेड यांच्यासाठी अमेरिकेत परतणे त्यामुळे निर्धोक नव्हते. पुढे इ.स. १८६५ मध्ये यादवी युद्धाच्या अखेरीस अमेरिकन राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती झाली आणि गुलामगिरी देशभर बेकायदेशीर ठरली. इप्सिलँटी येथे जॉर्ज मॅकॉय यांनी सिगार बनवण्याचा व्यवसाय केला.

शिक्षण

एलायजा यांना लहानपणापासून यंत्रांची आवड होती. कृष्णवर्णीय मुलाला अभियंत्याच्या हाताखाली शिकण्याची संधी अमेरिकेत त्या काळी जवळजवळ मिळत नसे. त्यामुळे आईवडिलांनी त्यांना इ.स. १८५९ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, स्कॉटलंडमधील एडिनबरा येथे पाठवले. गुलामगिरीतून सुटून आलेल्या कुटुंबाने मुलाला समुद्रापार शिकायला पाठवणे ही त्या काळातील असाधारण गोष्ट होती.

एडिनबरा येथे त्यांनी यंत्र अभियांत्रिकीची उमेदवारी पूर्ण केली आणि ते प्रमाणित यंत्र अभियंता झाले. वाफेच्या यंत्रांचा वापर तेव्हा ब्रिटनमधील कारखाने, जहाजे आणि रेल्वे यांत सर्वत्र होत होता. हे शिक्षण घेऊन ते आपल्या कुटुंबाकडे मिशिगनला परतले.

रेल्वेतील नोकरी

परतल्यावर मॅकॉय यांनी मिशिगन सेंट्रल रेलरोड या रेल्वे कंपनीत नोकरी धरली. तेथे त्यांना फायरमन आणि इंजिनाला तेल घालणारा कामगार अशी दुहेरी जबाबदारी मिळाली. अभियंत्याचे पद कृष्णवर्णीयांना खुले नव्हते.

फायरमनला धावत्या इंजिनाच्या भट्टीत सतत कोळसा टाकून वाफेचा दाब टिकवावा लागे. तेल घालणाऱ्याचे काम गाडी थांबली की सुरू होई. लांब चोचीची तेलाची बुधली घेऊन त्याला इंजिनाभोवती फिरावे लागे आणि चाकांचे आस, जोडदांडे, सांधे अशा प्रत्येक घासणाऱ्या भागावर तेल सोडावे लागे. एखादा भाग राहून गेला, तर तो पुढच्या प्रवासात तापून अडकण्याची किंवा मोडण्याची भीती असे.

हे काम करीत असतानाच मॅकॉय यांनी इप्सिलँटी येथे स्वतःची लहानशी कार्यशाळा उभारली. नोकरीत जे काम करण्याची मुभा नव्हती, ते आरेखनाचे आणि घडणीचे काम ते तेथे करीत.

वंगणाचा प्रश्न

धातूचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले गेले की उष्णता निर्माण होते आणि दोन्ही झिजतात. त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर राहिला, तर धातूचा धातूला थेट स्पर्श होत नाही. हे तत्त्व बैलगाडीच्या आसाला वंगण घालणाऱ्यालाही ठाऊक असते. वाफेच्या इंजिनात मात्र ते अमलात आणणे अवघड होते.

इंजिनाच्या बाहेरच्या सांध्यांना गाडी उभी असताना तेल घालता येई. सिलिंडरच्या आतील दट्ट्या आणि वाफेची ये-जा नियंत्रित करणारी झडप यांचा प्रश्न वेगळा होता. हे भाग बंदिस्त असत आणि त्यांच्यावर सतत गरम, दाबाखालील वाफ येत असे. वाफेबरोबर आतले वंगण धुऊन निघून जाई. वाफेचा दाब असताना तेलाच्या पेल्याची तोटी उघडली, तर तेल आत जाण्याऐवजी वाफच बाहेर उसळे. त्यामुळे चालकाने वाफ बंद केल्यावर, म्हणजे गाडी उतारावर नुसती घरंगळत असताना किंवा थांबलेली असताना, सिलिंडरमध्ये वंगण सोडावे लागे. काही इंजिनांवर त्यासाठी धावत्या इंजिनाच्या कडेच्या अरुंद पट्टीवरून चालत पुढे जावे लागे. यंत्रावर सर्वांत जास्त ताण असे, नेमके तेव्हाच वंगण पोहोचत नसे.

सिलिंडरसाठी त्या काळी बहुधा जनावरांची चरबी वापरली जाई. उष्ण वाफेत चरबीचे विघटन होऊन आम्ले तयार होत आणि ती धातूला खात. मॅकॉय एडिनबराला गेले त्याच वर्षी, इ.स. १८५९ मध्ये, एडविन ड्रेक यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यात खनिज तेलाची प्रसिद्ध विहीर खोदली होती. इ.स. १८६६ मध्ये जॉन एलिस यांनी वाफेच्या इंजिनांसाठी खनिज तेलापासून वंगण बनवण्याचा उद्योग सुरू केला. पुढील काही दशकांत चरबीची जागा खनिज तेलांनी घेतली. तेल चांगले मिळू लागले, तरी ते योग्य वेळी आणि योग्य प्रमाणात आत पोहोचवण्याचा प्रश्न उरलाच होता.

इ.स. १८७२ चे वंगणयंत्र

जुलै, इ.स. १८७२ मध्ये मॅकॉय यांना वाफेच्या इंजिनासाठी सुधारित वंगणयंत्राचे पेटंट मिळाले. त्याचा क्रमांक १,२९,८४३ असा आहे. या उपकरणात तेलाचा पेला सिलिंडरशी जोडलेला होता आणि तेल सोडण्यासाठी वाफेच्याच दाबाचा उपयोग केलेला होता. जी वाफ पूर्वी तेलाला आत येऊ देत नव्हती, तीच आता तेल सोडणारी झडप चालवू लागली. त्यामुळे इंजिन चालू असतानाच तेल थोडे थोडे आत जात राही.

या व्यवस्थेचे फायदे स्पष्ट होते. केवळ वंगणासाठी इंजिन थांबवण्याची गरज कमी झाली. तेलाचा पुरवठा कामगाराच्या आठवणीवर किंवा सवडीवर अवलंबून राहिला नाही. धावत्या इंजिनाच्या कडेने चालत जाण्याचा धोकाही टळला. रेल्वेबरोबरच जहाजांवरील आणि कारखान्यांतील वाफेच्या इंजिनांनाही असे वंगणयंत्र बसवता येत होते.

तरीही स्वयंचलित वंगणाची कल्पना सर्वप्रथम मॅकॉय यांनाच सुचली, असे म्हणता येत नाही. ब्रिटनमध्ये जॉन रॅम्सबॉटम यांनी इ.स. १८६० मध्ये एक स्वयंचलित वंगणयंत्र तयार केले होते. त्यात वाफेचे पाणी होऊन ते पेल्याच्या तळाशी साचे आणि वर आलेले तेल सिलिंडरकडे ढकलले जाई. मॅकॉय यांच्या पेटंटाच्या शीर्षकातही सुधारणा असाच शब्द आहे. त्यांचे महत्त्व पहिलेपणात नाही. एकाच प्रश्नावर त्यांनी चार दशकांहून अधिक काळ सातत्याने काम केले आणि रेल्वेच्या बदलत्या गरजांनुसार आपली उपकरणे सुधारत नेली, हे त्यांचे खरे कार्य होय.

पेटंटे आणि त्यांची मालकी

पहिल्या पेटंटानंतर मॅकॉय यांनी वंगणयंत्राच्या अनेक सुधारित आवृत्त्या काढल्या. वंगणाखेरीज अन्य वस्तूंचाही त्यांनी विचार केला. इ.स. १८७४ मध्ये त्यांनी इस्त्री करण्यासाठी घडीच्या पाटाचे आणि इ.स. १८९९ मध्ये हिरवळीवर पाणी शिंपडणाऱ्या उपकरणाचे पेटंट घेतले.

पेटंट मिळवणे आणि त्यातून उद्योग उभा करणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. उपकरणे मोठ्या संख्येने तयार करण्यासाठी लागणारे भांडवल मॅकॉय यांच्याकडे नव्हते. त्यामुळे आपल्या अनेक पेटंटांचे हक्क त्यांनी मालकांच्या नावे केले किंवा गुंतवणूकदारांना विकले. परिणामी त्यांनी घडवलेली उपकरणे बहुतांशी दुसऱ्यांच्या मालकीची राहिली. त्यांच्यापैकी बऱ्याच उपकरणांवर त्यांचे नाव नव्हते. संशोधनाच्या मानाने त्यांना मिळालेले उत्पन्न मर्यादित राहिले आणि त्यांचे नावही सामान्य लोकांपर्यंत पोहोचले नाही.

आफ्रिकन-अमेरिकन समाजात मात्र त्यांच्या कार्याची दखल त्यांच्या हयातीतच घेतली गेली. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात काम करणारे हेन्री बेकर यांनी कृष्णवर्णीय संशोधकांची माहिती परिश्रमपूर्वक गोळा केली होती. पेटंटाच्या अर्जात अर्जदाराचा वर्ण नोंदवला जात नसल्यामुळे हे काम सोपे नव्हते. शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनीही इ.स. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मॅकॉय यांचा उल्लेख केला आणि तोपर्यंत सर्वाधिक पेटंटे मिळवणारे कृष्णवर्णीय संशोधक म्हणून त्यांची नोंद केली.

ग्रॅफाइटयुक्त वंगण

विसाव्या शतकाच्या आरंभी रेल्वे इंजिनांत अतितप्त वाफेचा वापर वाढला. जर्मन अभियंता व्हिल्हेल्म श्मिट यांनी विकसित केलेल्या पद्धतीत बाष्पकातून आलेली वाफ पुन्हा तापवली जाई. त्यामुळे कोळसा आणि पाणी यांची बचत होई व इंजिनाची ताकद वाढे. वंगणाच्या दृष्टीने मात्र नवी अडचण उभी राहिली. साध्या वाफेत थोडा ओलावा असतो आणि त्यामुळे घासणाऱ्या भागांना काही प्रमाणात मदत होते. अतितप्त वाफ कोरडी आणि फार उष्ण असते. तिच्या संपर्कात नेहमीचे तेल जळून त्याचा काजळीसारखा थर साचू लागला.

ग्रॅफाइट हा कार्बनचाच एक प्रकार आहे. त्याचे पापुद्रे एकमेकांवरून सहज सरकतात आणि तेल जळेल अशा उष्णतेतही ते टिकून राहते. त्यामुळे तेलात ग्रॅफाइटची पूड मिसळणे उपयुक्त ठरणारे होते. परंतु ही पूड तळाशी बसते आणि वंगणयंत्राच्या बारीक वाटा तुंबवते. मॅकॉय यांनी या अडचणीवर काम केले आणि इ.स. १९१५ मध्ये अतितप्त वाफेच्या इंजिनांसाठी ग्रॅफाइटयुक्त वंगण पुरवणाऱ्या उपकरणाचे पेटंट मिळवले. तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या पुढे होते. आपल्या कारकिर्दीतील हे महत्त्वाचे संशोधन असल्याचे ते मानत.

इ.स. १९२० मध्ये त्यांनी डेट्रॉइट येथे एलायजा मॅकॉय मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली. पहिले पेटंट मिळाल्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने त्यांच्या स्वतःच्या नावाची कंपनी उभी राहिली.

वैयक्तिक जीवन

मॅकॉय यांचा पहिला विवाह इ.स. १८६८ मध्ये ॲन एलिझाबेथ स्ट्युअर्ट यांच्याशी झाला. चार वर्षांनी, इ.स. १८७२ मध्ये, ॲन यांचे निधन झाले. इ.स. १८७३ मध्ये त्यांनी मेरी एलेनोरा डिलेनी यांच्याशी विवाह केला. इ.स. १८८२ मध्ये हे दांपत्य डेट्रॉइट शहरात स्थायिक झाले.

मेरी मॅकॉय या डेट्रॉइटच्या सार्वजनिक जीवनातील अग्रणी कार्यकर्त्या होत्या. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या अनेक संस्थांच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. निराधार वृद्ध कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी काढलेल्या फिलिस व्हीटली गृहाच्या स्थापनेत त्यांनी महत्त्वाची भूमिका बजावली. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतही त्या सहभागी होत्या.

इ.स. १९२२ मध्ये मॅकॉय पतिपत्नींना मोटारगाडीचा अपघात झाला. या अपघातानंतर मेरी यांचे निधन झाले. मॅकॉय स्वतःही गंभीर जखमी झाले आणि त्यातून ते पूर्णपणे सावरले नाहीत.

मोटारगाडीच्या देखभालीशी संबंध

मॅकॉय यांची उपकरणे प्रामुख्याने वाफेच्या इंजिनांसाठी होती. मोटारगाडीतील तेलाचा पंप, तेलाचा फिल्टर किंवा ठरावीक काळाने तेल बदलण्याची पद्धत यांचा शोध त्यांनी लावलेला नाही. लोकप्रिय लेखनात कधी कधी तसे श्रेय त्यांना दिले जाते, परंतु त्याला आधार नाही. मात्र ते राहत असलेले डेट्रॉइट हे शहर त्यांच्या उतारवयात मोटार उद्योगाचे केंद्र बनले. ज्या प्रश्नावर त्यांनी आयुष्य घालवले, तोच प्रश्न तेथे नव्या इंजिनांपुढे उभा राहिला.

मॅकॉय यांच्या काळातील वाफेच्या सिलिंडरमध्ये वंगण एकदाच वापरले जाई. आत गेलेले तेल आपले काम करून वाफेबरोबर बाहेर पडे, त्यामुळे पेला वारंवार भरत राहणे एवढेच काम उरे. सुरुवातीच्या काही मोटारगाड्यांतही तेल असेच थेंबाथेंबाने सोडले जाई. इ.स. १९०८ मध्ये आलेल्या फोर्ड कंपनीच्या 'मॉडेल टी' या गाडीत इंजिनाच्या तळाशी तेल साठवलेले असे आणि फिरत्या भागांमुळे ते उडून सर्वत्र पसरे. तिच्यात तेलाचा पंप नव्हता आणि फिल्टरही नव्हता. तेलाची पातळी पाहण्यासाठी खालच्या बाजूला दोन लहान तोट्या होत्या.

पुढे पंपाच्या साहाय्याने दाबाखाली तेल पुरवण्याची पद्धत रूढ झाली. या पद्धतीत तेच तेल पुन्हा पुन्हा फिरते. त्यामुळे तेल वाया जात नाही, पण ते मळत जाते. इंधनाच्या ज्वलनातून आलेली काजळी, झिजलेल्या धातूचे सूक्ष्म कण, पाण्याचा अंश आणि न जळलेले इंधन त्यात मिसळते. उष्णतेमुळे तेलाचेही हळूहळू विघटन होते आणि त्यात मिसळलेली संरक्षक रसायने संपत जातात. घन कण अडवण्यासाठी अर्नेस्ट स्वीटलंड यांनी इ.स. १९२३ च्या सुमारास मोटारगाडीसाठी तेलाचा फिल्टर तयार केला. इ.स. १९२४ मध्ये आलेल्या क्रायस्लर कंपनीच्या गाडीत असा फिल्टर मूळ रचनेतच समाविष्ट होता.

फिल्टर कण अडवतो, परंतु तेलात विरघळलेली आम्ले किंवा संपलेली रसायने यांवर त्याचा उपाय चालत नाही. फिल्टरची धारणक्षमताही मर्यादित असते. तो तुंबला, तर इंजिन तेलावाचून राहू नये म्हणून त्याला वळसा देणारी झडप उघडते आणि न गाळलेले तेल इंजिनात फिरू लागते. याच कारणांमुळे आजही इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर हे दोन्ही गाडीच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या किलोमीटरनंतर किंवा मुदतीनंतर बदलावे लागतात. गाडी कमी चालली असली, तरी मुदत पाळावी लागते, कारण थोड्या थोड्या अंतराच्या प्रवासात इंजिन पुरेसे तापत नाही आणि तेलातील पाण्याचा अंश उडून जात नाही. दोन सर्व्हिसिंगच्या मधल्या काळात मोजकाठीने तेलाची पातळी तपासणेही आवश्यक असते. बदललेले जुने तेल आरोग्यास आणि पाण्याच्या साठ्यांस अपायकारक असल्याने ते गटारात किंवा जमिनीवर न ओतता पुनर्प्रक्रियेसाठी द्यावे लागते.

वंगण पोहोचवण्याचे काम यंत्राकडे सोपवता आले, तरी वंगणाची काळजी घेण्याचे काम माणसाकडेच राहिले. मॅकॉय यांच्या वंगणयंत्रातील पेलाही कोणीतरी वेळेवर भरावाच लागत असे.

'रिअल मॅकॉय' या वाक्प्रचाराविषयीचा वाद

इंग्रजी भाषेत अस्सल वस्तूसाठी 'द रिअल मॅकॉय' असा वाक्प्रचार आहे. एका प्रसिद्ध आख्यायिकेनुसार तो एलायजा मॅकॉय यांच्यावरून पडला. त्यांच्या वंगणयंत्रासारखी दिसणारी निकृष्ट उपकरणे बाजारात आल्यामुळे रेल्वेचे अभियंते खरेदी करताना हे उपकरण मॅकॉय यांचेच आहे ना, अशी चौकशी करीत, असे ही आख्यायिका सांगते.

या कथेला समकालीन पुरावा मिळत नाही. स्कॉटलंडमध्ये याच अर्थाचा 'रिअल मॅके' हा वाक्प्रचार इ.स. १८५६ मध्ये, म्हणजे मॅकॉय यांच्या पहिल्या पेटंटाच्या सोळा वर्षे आधी, छापील स्वरूपात आढळतो. किड मॅकॉय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुष्टियोद्ध्याशीही हा वाक्प्रचार जोडला जातो. एलायजा मॅकॉय यांच्याशी त्याचा संबंध जोडणारा एक जुना छापील उल्लेख इ.स. १९६६ मधील एका मासिकातील मद्याच्या जाहिरातीत आहे. त्यानंतर ही कथा पाठ्यपुस्तके, बालसाहित्य आणि नियतकालिके यांतून सर्वदूर पसरली.

वाक्प्रचाराचे मूळ काहीही असले, तरी मॅकॉय यांच्या कार्याचे मूल्य त्यावर अवलंबून नाही. पेटंट कार्यालयातील नोंदी हा त्या कार्याचा अधिक भक्कम पुरावा आहे. आख्यायिकेमुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले, पण त्यांनी नेमके काय केले ही माहिती तितकीशी पोहोचली नाही.

अखेरचे दिवस आणि मृत्यू

पत्नीच्या निधनानंतर मॅकॉय यांची शारीरिक, मानसिक आणि आर्थिक स्थिती खालावत गेली. इ.स. १९२८ मध्ये त्यांना डेट्रॉइटजवळील इलॉइज या सार्वजनिक रुग्णालयात दाखल करण्यात आले. तेथे १० ऑक्टोबर, इ.स. १९२९ रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मिशिगनमधील वॉरन येथील डेट्रॉइट मेमोरियल पार्क या दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. ही दफनभूमी डेट्रॉइटमधील कृष्णवर्णीय नागरिकांनी स्वतः स्थापन केलेली होती.

सन्मान आणि वारसा

मॅकॉय यांच्या हयातीत त्यांना मोठे सरकारी सन्मान मिळाले नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर अनेक दशकांनी त्यांच्या कार्याची सार्वजनिक पातळीवर दखल घेतली गेली. इ.स. १९७४ मध्ये मिशिगन राज्याने डेट्रॉइटमधील त्यांच्या घराच्या जागी ऐतिहासिक स्मृतिफलक उभारला. इ.स. १९९४ मध्ये इप्सिलँटी येथील त्यांच्या पहिल्या कार्यशाळेच्या जागीही असा फलक लावण्यात आला. डेट्रॉइटमधील एका रस्त्याला त्यांचे नाव देण्यात आले आहे. इ.स. २००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनात त्यांचा समावेश करण्यात आला. कॅनडातील नाटककार अँड्र्यू मूडी यांनी त्यांच्या जीवनावर नाटक लिहिले असून ते इ.स. २००६ मध्ये टोरॉन्टो येथे प्रथम रंगभूमीवर आले.

इ.स. २०१२ मध्ये अमेरिकेच्या पेटंट आणि ट्रेडमार्क कार्यालयाने राजधानीच्या परिसराबाहेरील आपली पहिली शाखा डेट्रॉइट येथे सुरू केली आणि तिला एलायजा मॅकॉय यांचे नाव दिले. भांडवलाअभावी ज्यांना आपल्या अनेक पेटंटांचे हक्क सोडावे लागले, त्यांचेच नाव आता संशोधकांच्या हक्कांची नोंद करणाऱ्या कार्यालयाला आहे.